दुसरी ठिणगी

एका चातुर्मासात मी नेम धरला होता. दिवसभरात ज्याच्याशी शब्दाला शब्द लागेल, त्याची दिवेलागणीपूर्वी क्षमा मागायची आणि मगच देवापुढे निरांजन लावायचं. नेम सोपा वाटला, कारण आमच्या घरात भांडणं फारशी होत नाहीत. पण भाद्रपदात मोदकांच्या उकडीवरून धाकट्या जावेला मी चारचौघींत टाकून बोलले. संध्याकाळी तिची क्षमा मागितली. "असू दे हो, वहिनी," ती म्हणाली. मी निरांजन लावलं, मन हलकं झालं. आठवडाही गेला नसेल, तोच आमटी वाढायच्या एका डावावरून ती अशी फणकारली की मला काही समजेना. क्षमा तर मागून झाली होती. मग नेमात उणं कुठे राहिलं?

त्याच सुमारास माळ्यावरचा जुना, पाठीला पोक असलेला टीव्ही न्यायला भंगाराचं काम करणारी एक बाई आली. चहा पिताना तिने आपल्या गुरूची आणि स्वतःची गोष्ट सांगितली. ती माझ्या पद्धतीने सांगते.

एकदा एक वृद्ध वस्ताद होते. जुने टीव्ही उघडून त्यांतलं तांबं, काच आणि लोखंड वेगळं करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्यांच्या हाताखाली एक शिष्या शिकत होती. नवऱ्याने अंथरूण धरलेलं, आणि तिच्या दोन हातांवर घरातली चार तोंडं. म्हणून ती मन लावून शिके. कामाला बसताना अंगठी आणि धातूची बांगडी काढून ठेवायची, पायांत कोरडी रबरी चप्पल घालायची, डावा हात पाठीमागे धरायचा, हे तिला आता सांगावं लागत नसे.

टीव्हीचा मागचा भाग उघडला की वस्ताद एक लांब पेचकस घेत. त्याची मूठ जाड प्लास्टिकची, आणि पात्याला एक तार बांधलेली. तारेचं दुसरं टोक ते पडद्यामागच्या काचेच्या नळीवरून गेलेल्या उघड्या तारेच्या वेणीला अडकवत. मग पेचकसाचं टोक नळीवरच्या रबरी टोपीखाली हलकेच सरकवत. चट्ट आवाज होई, साठलेली वीज निघून जाई.

इथपर्यंत तिला पटत होतं. पण त्यानंतर वस्ताद टीव्हीला हात न लावता बाजूला बसत, अडकित्त्याने सुपारी कातरत, ती चघळून संपवत आणि उठून तेच सगळं पुन्हा करत. वस्तादांचं वय झालं, ते विसरतात, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. एकदा ती हसत म्हणालीही, "वस्ताद, सुपारीसुद्धा दोनदा खाल्लीत की काय?" तेही हसले आणि त्यांनी पेचकस उचलला. शेजारी ठेवलेली त्यांची काठी चालण्यासाठी आहे, असंही ती समजत होती.

एके दिवशी एक व्यापारी आला. बंद पडलेल्या लॉजमधले साठ टीव्ही त्याने उचलले होते आणि ते कोणाकडून सुटे करून घ्यावेत हे पाहायला तो आला होता. वस्तादांनी एक टीव्ही उघडला, वीज काढली आणि सुपारी कातरायला घेतली. व्यापारी खुर्चीत चुळबुळ करू लागला. सहा महिन्यांत या डब्यांना कोणी प्लग लावलेला नाही, मग एवढा सोहळा कशाला, असं त्याने विचारलं. वस्ताद सुपारी संपवून पुन्हा पेचकस शोधू लागले, तेव्हा तो शिष्येकडे पाहून म्हणाला, "म्हाताऱ्याला आत्ताच केलेलं आठवत नाही, आणि याला मी साठ टीव्ही देऊ?"

शिष्येला ते सहन झालं नाही. गुरूंची लाज राखावी, एवढाच तिचा हेतू. "मघाशीच झालंय, वस्ताद," असं हळूच म्हणत तिने रबरी टोपी काढायला हात पुढे केला.

त्याच क्षणी काठी तिच्या मनगटावर बसली.

दहा महिन्यांत ज्यांनी कधी आवाज चढवला नव्हता, त्यांनी परक्या माणसासमोर तिला मारलं. तिचे डोळे भरून आले. वस्तादांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. तार नीट अडकली आहे ना ते तपासून त्यांनी पेचकस टोपीखाली सरकवला.

चट्ट.

पहिल्याहून बारीक, पण निळी ठिणगी तिघांनी पाहिली. शिष्या आपल्या हाताकडे पाहत राहिली.

मग वस्ताद म्हणाले, "पोरी, विहीर उपसली की तळ दिसतो. पण जरा वेळाने जाऊन बघ, तळाशी पुन्हा पाणी. झरे आत असतात. या काचेचंही तसंच आहे. वरची वीज पहिल्या खेपेला जाते, मुरलेली मागाहून वर येते. सुपारी मी तिची वाट बघायला खातो. आणि माझी लाज राखायला तू हात गमावलास, तर ती लाज मी ठेवू कुठे?"

व्यापारी खुर्ची मागे सरकवून उभा राहिला होता. दुसऱ्या दिवशी साठ टीव्हींचा टेम्पो दारात आला. शिष्या सुपारी खात नसे. म्हणून मधल्या वेळात ती एकशे आठ वेळा नाम घेऊ लागली आणि मगच दुसऱ्यांदा पेचकस लावू लागली. ते नाम आजही सुटलेलं नाही, असं ती मला म्हणाली.

ती गेल्यावर मी धाकट्या जावेकडे पुन्हा गेले. मोदकांचा विषय काढल्यावर ती आधी चिडलीच. मी थांबले. मग ती सावकाश म्हणाली, "वहिनी, ती उकड माझ्या आईच्या हातची रीत होती. तुम्ही सगळ्यांसमोर ती लगदा म्हणालात." तिची आई त्याच उन्हाळ्यात गेली होती. ते मला ठाऊक होतं; पण ती उकड तिच्या आईची होती, हे पहिल्या क्षमेच्या वेळी कळलंच नव्हतं, कारण ते ऐकायला मी थांबलेच नव्हते.

तेव्हा तुम्हाला दोन विनंत्या. घरातला जुना टीव्ही हौसेने उघडू नका. वर्षभर बंद असला तरी तो जाणत्या हातांतच द्या. आणि ज्याची क्षमा मागून झाली आहे असं वाटतं, त्याच्याकडे थोडे दिवस जाऊ देऊन आणखी एकदा जा. यंदाच्या चातुर्मासात एवढा नेम माझ्यासोबत धराल ना?