पिंजारपेठेतली ओली रेघ

पाहुणे, आधी या काळ्या दगडांच्या आत या बघू. रस्त्यात उभे राहून ही गोष्ट ऐकायची नसते. नांदवड शहरातली ही दगडांची रेघ गिरणीच्या फाटकापासून नदीच्या घाटापर्यंत जाते. रेघेच्या आत पायी चालणारे आणि सायकलवाले, बाहेर मोटारींची धावपळ. कुठे ही वाट चार हात रुंद, कुठे चांगली सात. नवखी माणसे विचारतात, गवंडी काय झिंगून आला होता का? गवंड्याचा काही दोष नाही. ही रेघ पाण्याने आखली, असे सांगतात.

संस्थानी काळातली गोष्ट. शहराचे रस्ते आखायचे काम वामनराव सोवनी यांच्याकडे होते. माणूस हुशार, पण कचेरीच्या माडीवर बसून फूटपट्टीने रस्ते ओढणारा. आपल्या या पिंजारपेठेत कापसाच्या मोटारलॉऱ्या येऊ लागल्या, तेव्हा त्यांनी लॉऱ्यांसाठी रस्ता सरळ केला. घरांचे ओटे वाचवायचे म्हणून पायी चालणाऱ्यांच्या जागेला कात्री लावली. वाचलेल्या ओट्यांत सर्वांत मोठा, छातीइतका उंच, खुद्द वामनरावांच्या घराचा होता. हे सगळ्या पेठेला दिसत होते, पण बोलणार कोण?

वर्षभरात तीन माणसे लॉरीखाली गेली. तिसरा भिवा, गिरणीतला कामगार. सायकलवरून घरी येत होता. त्याची बायको धुरपदा घरोघर पाणी भरायची. त्याचे दिवस झाले आणि दुसऱ्याच सकाळी ती भरलेली घागर घेऊन कचेरीची माडी चढली.

"रावसाहेब, आमचं धनी गेलं. आता माझी पोर त्याच रस्त्यानं घाटावर जाती. ती घरला येईस्तवर माझा जीव थाऱ्यावर नसतो. सांजच्याला गिरणीचा भोंगा झाला की ही घागर डोईवर घ्या, आन् फाटकापासनं घाटापतुर चाला. थेंब सांडला न्हाई, तर तुमचा रस्ता खरा. सांडला, तर जिथं सांडंल तिथं आमाला जागा द्या."

वामनराव हसले. "एवढंच ना? दिला शब्द," म्हणाले.

भोंगा वाजला. वामनरावांनी घागर डोक्यावर घेतली आणि दहा पावलांतच त्यांना एक गोष्ट कळली, जी पेठेतल्या पोरीसोरींनाही ठाऊक होती. डोक्यावर भरली घागर असली की मान वळवता येत नाही. मागून काय येते आहे ते दिसत नाही, फक्त ऐकू येते. पहिली लॉरी इतक्या जवळून गेली की तिचा वारा मानेवर लागला. घागर हिंदकळली, पाणी सांडले. पुढे टांगा, मग पुन्हा लॉरी. त्यांनी रामरक्षा म्हणायला घेतली, ती म्हणे अर्ध्यावर विसरले. रोज म्हणणारा माणूस! धुरपदा दहा हात मागून चालत होती.

असे करत ते आपल्याच दारापाशी आले. तिथे रस्ता सर्वांत अरुंद, कारण ओटा सर्वांत पुढे आलेला. मागून कापसाने लादलेली लॉरी आली. माडीच्या खिडकीतून त्यांची बायको किंचाळली, "अहो, सरका! बाजूला सरका!"

सरकणार कुठे? एका अंगाला लॉरी, दुसऱ्या अंगाला स्वतःचा ओटा. चढू म्हटले तर छातीइतका उंच. वामनराव दगडाला पाठ चिकटवून उभे राहिले आणि त्यांनी डोळे मिटले. लॉरीच्या खिळ्यात अडकून उपरणे टरकन फाटले. घागर अंगावर पालथी झाली आणि गडगडत गेली. डोळे उघडले तेव्हा ते जिवंत होते, नखशिखांत भिजले होते आणि सगळ्या पेठेदेखत रडत होते.

धुरपदा जवळ आली. तिने ओट्यावर हात ठेवला. "इथंच, रावसाहेब. आमचं धनीबी याच ओट्याकडं सरकलं व्हतं."

वामनराव घरात गेले नाहीत. बायकोने कोरडे धोतर आणले, तेही घेतले नाही. कपडे बदलले, घोटभर चहा घेतला की ही भीती ओसरेल आणि उद्या आपण पुन्हा पहिल्यासारखे शहाणे होऊ, हे त्यांना पक्के ठाऊक होते. त्यांनी तिथेच रस्त्याकडेला नकाशा मागवला, ओल्या हाताने त्यावर नवी रेघ ओढली आणि खाली सही केली. सहीची शाई फुटली ती फुटलीच.

दरबाराने कळवले, खजिन्यात यासाठी पैसा नाही. तेव्हा वामनरावांनी पहार घेतली आणि पहिला घाव स्वतःच्या ओट्यावर घातला. वैशाखाचे ऊन होते, तरी पेठेत जिथे जिथे पाणी सांडले होते तिथला डाग तीन दिवस वाळला नाही म्हणे. ज्याच्या दारात ओल, त्याने ओटा दिला. ज्याच्या दारात ओल नाही, त्याने अंगमेहनत दिली. ओट्यांचेच दगड रेघेला लागले. धुरपदाची पोर याच वाटेने घाटावर जाऊन म्हातारी झाली.

तो पलीकडचा दरवाजा बघा, जिथे आत शिरायला लाकडी शिडी लावली आहे. ते सोवन्यांचे घर. त्यांनी आजही ओटा बांधलेला नाही. आजही शहरात रस्त्यांचा नवा साहेब आला की भोंग्याच्या वेळेला त्याच्या डोक्यावर भरली घागर देतात आणि कुणीतरी बाई दहा हात मागून चालते. मागल्या साली आलेल्या मॅडम हसत निघाल्या होत्या, घाटावर पोचल्या तेव्हा ओठ पांढरे पडले होते. मग ओल्या हातानेच नकाशावर सही करायची. सही कोरडी, स्वच्छ दिसली, तर पेठेतली बाईमाणसे तो नकाशा परत देतात आणि सांगतात, "साहेब, अजून एकदा चालून या."