उलटं उडालेलं विमान

दिवे पेटण्याआधी भांडत असत, त्या काळातली ही गोष्ट.

मंदाकिनीबाईंनी हातभर लांबीचं विमान बनवलं आणि त्यासाठी तीन इवलेसे दिवे आणले. डाव्या पंखाला लाल, उजव्याला हिरवा, शेपटीला पांढरा. विझलेले असताना तिघे सारखेच दिसत, म्हणून बाईंनी ते वेगवेगळ्या वाट्यांत ठेवले.

विमान कपाटात कसं ठेवणार हे कळताच लालचं डोकं फिरलं. डावा पंख भिंतीकडे येणार होता.

"म्हणजे मी पालींसाठी जळायचं? हिरव्या, जागा बदल."

"घे बाबा," हिरवा म्हणाला.

"माझं बघा," पांढरा पुटपुटला, "मी थेट ढुंगणावर."

बाई चष्मा शोधायला उठल्या, तेवढ्यात लाल-हिरव्याने वाट्या बदलल्या. बाईंनी परत येऊन वाट्यांप्रमाणे दिवे बसवले.

संध्याकाळी शेजारचे निवृत्त वैमानिक धारप आले. बाईंनी बटण दाबलं. लाल ऐटीत झगमगला आणि धारप पोट धरून हसत सुटले.

"अहो बाई, लाल उजवीकडे? दिव्यांवरूनच तर विमानाचं तोंड कुठे ते कळतं. अंधारात वाटेल, विमान शेपटी पुढे करून उडतंय!"

बाईंचा चेहरा उतरला. विमान कळवळून लालला म्हणालं, "एवढे महिने त्यांनी मला घासून घासून घडवलं, आणि तू माझं माकड केलंस."

लाल मिणमिणू लागला.

बाईंनी दिवे काढून पुन्हा नीट बसवले. लाल भिंतीकडे तोंड करून पेटला.

"काय रे, करमतंय का?" पांढऱ्याने मागून विचारलं.

"मध्ये बोलू नकोस," लाल म्हणाला, "विमान डावीकडे वळतंय, ही बाजू मला सांभाळायचीय."