एकट्या बुटाचे प्रकरण

विषय : श्री. यशवंत पितळे, सेवानिवृत्त जकात निरीक्षक, यांनी अनुग्रह मिळण्याबाबत केलेली तोंडी विनंती.

स्थळ : फ्रान्स, ल्वार नदीचे खोरे. एक किल्ला, एक मठ, एक चर्च. सहल एक दिवसाची, सावकाश.

“पण बुवा, हा बुरूज जुना कशावरून?”

“जुना आहे असं मी कुठे म्हणालो?” अच्युतबुवा पोळीची गुंडाळी खात होते.

“पाटीवर लिहिलंय. चुना तर परवाचा दिसतो.”

“असेल.”

पितळ्यांनी नोकरीभर कांद्याच्या पोत्यांखाली काय आहे ते पाहिले होते. आता मुलाकडे पॅरिसला आल्यावर ते फ्रान्सच्या खाली पाहत होते. बुवा तिथल्या मराठी मंडळींकडे प्रवचनांना आले होते. उद्या त्यांचे विमान होते. गाडी पितळ्यांची सून मृदुला चालवत होती. फ्रेंच तिलाच येत होते.

मठात पितळ्यांनी एका साधूच्या थडग्यावर टिचकी मारली.

“पोकळ आहे.”

“आता आतून कोण उत्तर देणार?” बुवा म्हणाले.

“बुवा, तुमचे गुरू कोण?”

“होते एक.”

“त्याला पुरावा?”

बुवा पुढच्या थडग्याकडे वळले.

थोडे चालल्यावर पितळे हळू आवाजात म्हणाले, “मला झोप लागत नाही. कडी लावली की नाही ते बघायला रात्रभर उठतो. बायको होती तोवर ती ओरडायची, तेवढा आधार होता. अनुग्रह द्या. आजच.”

बुवा चर्चच्या वाटेला लागले.

चर्चच्या दाराशी पितळ्यांनी बूट काढले.

“बाबा, इथे काढत नाहीत,” मृदुला म्हणाली.

“आत देव आहे ना?”

एक बूट त्यांनी बाकाखाली सरकवला, दुसरा पार झुडपामागे. “देवळाबाहेर असंच ठेवावं. एकटा बूट चोर नेत नाही.”

बुवांनी वहाणा पायरीवर शेजारी शेजारी काढल्या.

बाहेर आले तेव्हा बाकाखालचा बूट नव्हता. वहाणा होत्या.

फुले बदलायला आलेल्या एका म्हातारीला मृदुलाने विचारले. म्हातारीने बरेच हातवारे करून सांगितले.

“बाबा, एकटाच दिसला म्हणून त्यांना वाटलं, कुणाचा तरी हरवलाय. गावच्या कचेरीत देऊन आल्या. कचेरी आता सोमवारी उघडेल.”

“आणि वहाणा का नाही दिल्या?”

“जोडी होती. धनी आतच असणार, म्हणतात.”

पितळ्यांनी म्हातारीकडे निरखून पाहिले. “बाई दिसते तेवढी साधी नाही.”

मग ते एका बुटानिशी बाकावर बसले. बराच वेळ बसले.

“बुवा... माझ्या विनंतीचं काय?”

बुवांनी उजव्या पायातली वहाण काढली. दोन्ही हातांनी पितळ्यांपुढे धरली.

मृदुलाचे हात आपोआप जोडले गेले. अशी वहाण मस्तकी लावतात, पुष्कळांना जन्मभर थांबूनही मिळत नाही, हे तिला माहेरी कळलेले होते.

पितळ्यांनी वहाण घेतली. उलटी केली. तळ पाहिला, अंगठ्याने शिवण दाबली.

“आणि दुसरी?”

बुवा एका अनवाणी पायाने गाडीकडे निघाले.

“दोन्ही दिल्या, तर वेगवेगळ्या ठेवाल.”

विनंती प्रलंबित आहे.