छत्तीस नंबरचं कार्ड

“मग माझी सही अजून का चालत नाही, चाचा?”

मंगळवार होता. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतल्या जुन्या कागदांच्या दुकानात मृदुला कॉमिक्सचा गठ्ठा लावत होती. दस्तगीरचाचा चहा बशीत ओतत होते. बंगळूरच्या एका संग्राहकाचा फोन नुकताच येऊन गेला होता.

पूर्वी बबलगमच्या पाकिटातून ‘मैदानवीर’ नावाची कार्डं निघत. एकूण छत्तीस. संग्राहकाकडे पस्तीस होती. शेवटचं कुठेच सापडत नव्हतं. निर्दोष असेल तर चाळीस हजार, डाग किंवा खूण असेल तर चार. दुकानाच्या वहीतली पारख त्याला मान्य होती; तिच्याखाली सही मात्र चाचांचीच लागे.

छत्तीस नंबर मृदुलाकडे होता. तिच्या धाकट्या भावाच्या, हेमूच्या पत्र्याच्या डब्यात. हेमूला जाऊन आठ महिने झाले होते.

चाचा म्हणाले, “तीन वर्षं शिकतेस. पिनेचा गंज बघून कॉमिक कोकणातून आलंय की सोलापुरातून, ते सांगतेस. नजर माझ्यापेक्षा तेज आहे.”

“मग?”

“परक्याच्या वस्तूवर तेज आहे. घरच्या वस्तूवर पारखी आंधळा होतो.”

“मी नाही होणार.”

“गुर्मी बघा बाईची!” चाचा हसले. “आण ते कार्ड. एक जरी दोष सुटला, तर सहीचं नाव पुन्हा काढायचं नाही.”

“आणि नाही सुटला तर?”

“तर आजपासून सही तुझी.”

दुपारी ती कार्ड घेऊन आली. चाचांनी नवा चहा मागवला. तिने पांढरं फडकं अंथरलं, भिंग लावलं. चारही कोपरे शाबूत. कडा सरळ. रंग उडालेला नाही. मागची बाजू कोरी, सगळीकडे सारखीच पिवळसर.

तिने वहीत लिहायला घेतलं… ‘निर्दो’…

चाचा बशीतल्या चहावर फुंकर घालत होते.

तिचा हात थांबला.

“चाचा, किती वेळ लागला मला?”

“माझी बशी अजून गार झाली नाही.”

“आणि परक्याचं कार्ड असलं की?”

“अर्धा तास माझं डोकं खातेस.”

तिने लिहिलेलं खोडलं. कार्ड घेऊन दारात गेली. ऊन तिरपं आलं होतं. कार्डाची मागची बाजू वर करून तिने ते डोळ्यांच्या रेषेत आडवं धरलं, हळूहळू फिरवलं.

…

“इथे खोडलंय, चाचा. पेन्सिलीचं. तकाकी गेलीय इथली.”

“काय खोडलंय?”

तिने कार्ड आणखी जरा कलतं केलं. कागदात रुतलेल्या रेघा एकेक करून उन्हात आल्या.

“‘हे ताईचं.’”

समोर कुणीतरी सतारीची तार जुळवत होतं. ती जुळेपर्यंत मृदुलाने कार्ड उन्हातच धरलं होतं.

मग मृदुला एकदम हसू लागली. “आठवडाभर भांडलो होतो आम्ही यावरून! मी त्याची वही फाडली होती. लिहिलं काय, खोडलं काय… चोर कुठला!”

“भिंगातून दिसत नाही ते,” चाचा म्हणाले. “बंगळूरवाल्याला जन्मात कळणार नाही.”

“मला कळलं ना.”

ती आत आली. वहीत सावकाश लिहिलं: मागे पेन्सिलीची अक्षरं, खोडलेली. सदोष. किंमत चार हजार. खाली आणखी एक ओळ: मालकीण हे विकणार नाही.

चाचांनी खिशातलं पेन काढून तिच्यापुढे ठेवलं. तिने पूर्ण नावाची सही केली, ठसठशीत, ओळीबाहेर जाणारी.

चाचा दारात जाऊन ओरडले, “ऐकलं का हो सतारमेकर! दुकानात दुसरी पारखी बसली!”

“मग पेढे कुठे आहेत?” समोरून आवाज आला.

“तीच आणतेय!”

मृदुला कार्ड पदराने पुसायला गेली आणि स्वतःच्याच हातावर चापट मारून थांबली. मान ताठ करून तिने विचारलं, “आता पुढचं काम द्या.”

चाचा बराच वेळ माळ्याकडे बघत राहिले…

“माझ्या पोराची, रफीकची पेटी आहे वर. त्याला जाऊन एकवीस वर्षं झाली. मी अजून उघडलेली नाही.”