चाक धरेना, पिल्लू निघेना

एक होती उंदरी. इवलीशी.
तिचं होतं एक पिल्लू. त्याहून इवलंसं.
त्यांचं बीळ होतं चढणीच्या वाटेत. चिखलाच्या वाटेत.

एकदा आली एक लाल गाडी. छोटी, बुटकी. गाडीत धाकूमामा.
घुर्रर्र! गाडी चढली.
सर्रर्र! गाडी घसरली.
पुढचं चाक थांबलं ते नेमकं बिळाच्या दारावर.
उंदरी बाहेर. पिल्लू आत!
"आई गं! अंधार!" पिल्लू ओरडलं.

उंदरी धावली चाकापाशी. ती चाकाला म्हणाली,
"चाका चाका, सरक ना!
पिल्लू निघेना!"
चाक म्हणालं, "मी कसं सरकू? गाडी ओढायची मी. मी आहे पुढे. आणि तांदळाची गोणी मागे, डिकीत! मी पडलं हलकं. चिखल धरताच येईना. नुसतं गरगर फिरतं. गोणी पुढे आली, तर सरकतं."

घुर्रर्र! गरगर गरगर!
चाक रुतलं बोटभर. माती पडली बिळात.
"आई, मला भीती वाटते!"

उंदरी पळाली तुरुतुरु. डिकीच्या फटीतून आत शिरली.
"गोणी गोणी, पुढे चल ना!
चाक धरेना,
पिल्लू निघेना!"
गोणी म्हणाली, "मी कशी चालू? मला का पाय आहेत? मामाने मागे टाकलं, मागे बसले. मामाने उचललं, तर येते."

घुर्रर्र! गरगर गरगर!
चाक रुतलं बोटभर. माती पडली बिळात.
"आई, लवकर ये!"

उंदरी पळाली तुरुतुरु. मामाच्या खिडकीवर चढली.
"मामा मामा, उतर ना!
गोणी हलेना,
चाक धरेना,
पिल्लू निघेना!"
मामा म्हणाला, "गोणी पुढं? अगो, जन्मभर जीप चालवली मी. जीपचं मागचं चाक जोर लावायचं, म्हणून वजन मागं टाकायचो. हिचं पुढचं लावतं होय? चुकलंच माझं! पण उतरू कसा? हॅन्डब्रेक ढिला हाय. ब्रेकवरचा पाय काढला, तर गाडी जाईल दरीत! कडेच्या बांधावरचा दगड मागच्या चाकाला लागला, तर उतरतो."
मामाने ब्रेक गच्च दाबून धरला.

चाक रुतलं बोटभर. माती पडली बिळात.
"आई…" आवाज अगदी बारीक झाला.

उंदरी पळाली तुरुतुरु. बांधावर गेली.
"दगडा दगडा, ये ना!
मामा उतरेना,
गोणी हलेना,
चाक धरेना,
पिल्लू निघेना!"
दगड म्हणाला, "मी कसा येऊ? मातीत गच्च बसलोय. गांडुळाने माती पोखरली, तर सुटतो."

उंदरीने वाकून हाक मारली,
"गांडुळा गांडुळा, पोखर ना!
दगड सुटेना,
मामा उतरेना,
गोणी हलेना,
चाक धरेना,
पिल्लू निघेना!"
गांडूळ म्हणालं, "मी कसं पोखरू? वर कोंबडी बसलीये टपून. हललं की गट्टम! कोंबडी सरकली, तर पोखरतं."

चाक रुतलं बोटभर. माती पडली बिळात.
उंदरीने कान टवकारले.
आता आवाजच येईना!

उंदरी घाबरली. फार फार घाबरली.
कोंबडी केवढी मोठी! तिची चोच केवढी टोकदार!
तरी ती गेली.
"कोंबडीताई कोंबडीताई, सरक ना!
गांडूळ पोखरेना,
दगड सुटेना,
मामा उतरेना,
गोणी हलेना,
चाक धरेना,
पिल्लू निघेना!"
कोंबडी म्हणाली, "मी का सरकू? मी तर…"
ती थांबली. मान वाकडी केली.
"पिल्लू? कुणाचं पिल्लू?"
"माझं," उंदरी म्हणाली, आणि रडायलाच लागली.
कोंबडीच्या पंखाखालून दोन डोकी बाहेर आली. चिव चिव! कोंबडीने ती हळूच आत घेतली.
"अगं बाई! मग मी इथे काय बसलेय? सरकले, हे बघ, सरकले!"

कोंबडी सरकली.
गांडुळाने माती पोखरली. वळवळ वळवळ.
दगड सुटला. गडगड गडगड! मागच्या चाकाला टेकला. ठक्क!
मामा उतरला. गोणी उचलली. पुढच्या सीटवर ठेवली. धप्प!
मामा परत गाडीत बसला. चाक झालं जड. आता त्याने चिखल घट्ट धरला.
पण हाय! खाली बिळाचं छप्पर हललं. माती भुरभुर भुरभुर…
"हळू, मामा, हळू!" उंदरी ओरडली.
मामाने जोर नाही लावला. अगदी हळूच.
घूं… घूं…
चाक फिरलं. एकदाच.
गाडी सरकली!

उंदरी धावली. बिळाचं दार बुजलेलं.
खरखर खरखर! तिने माती उकरली.
खरखर खरखर! अजून उकरली.
आणि दिसलं एक नाक. इवलंसं, चिखलाने माखलेलं.
"आक्छू!"
उंदरीने ते नाक चाटलं. कान चाटले. शेपटीसुद्धा चाटली.
"आई, तू कुठे गेली होतीस?"
"तुझ्याकडेच येत होते रे बाळा. जरा लांबून यावं लागलं."

गाडी गेली चढावर, पिल्लू शिरलं कुशीत.
ज्यांनी ऐकली गोष्ट, त्यांनीही शिरा कुशीत!