सगळ्याच पहिल्या

फार फार पूर्वी, जिथे औषधालासुद्धा झाड सापडायचं नाही अशा एका गार बेटावर एक टेहळ्या राहत होता. त्याचं काम एकच. थंडी ओसरायला लागली की समुद्राकाठच्या उंच खडकावर जाऊन बसायचं आणि वर्षाची पहिली सील किनाऱ्याला कधी लागते ते बघायचं.

सील म्हणजे मासा नव्हे बरं का. अंगावर दाट मऊ केस, तोंडाला मांजरासारख्या मिशा, हातापायांच्या जागी वल्ह्यासारखे पर, आणि पिल्लाला ती दूध पाजते. पाण्यात कुणाला सापडायची नाही, पण जमिनीवर आली की भरल्या पोत्यासारखी सरपटते. पिल्लू घालायला मात्र तिला जमिनीवरच यावं लागतं, आणि वर्षाला पिल्लू एकच.

बेटाची सगळी भिस्त ह्या सीलवर होती. लाकूड नव्हतंच, म्हणून लोक देवमाशाच्या बरगड्यांवर सीलचं कातडं ताणून होड्या करायचे. पाच कातड्यांत एक होडी. तिथला रिवाजही ठरलेला होता. वर्षाची पहिली सील समुद्राची, तिला कुणी बोट लावायचं नाही. ती पिल्लाला घेऊन सुखरूप पाण्यात उतरली की टेहळ्याने शिंग फुंकायचं, आणि त्यानंतरच शिकार. घरात लागेल तेवढंच घ्यायचे. कातड्यांचे ढीग लावून करणार काय?

मग व्यापाऱ्यांची जहाजं आली. दूरच्या शहरांतल्या दिव्यांना तेल हवं होतं, तिथल्या बायकांना उबदार कोट हवे होते. बेटावर साखर आली, लोखंडी कढया आल्या, लाल कापड आलं. ज्याला वर्षाला दोन कातडी पुरत होती, तो दोनशे सोलायला लागला.

पण रिवाज? तो त्यांनी अगदी काटेकोर पाळला. पहिल्या सीलच्या वाटेतले दगड उचलायचे, तिला त्रास नको म्हणून कुत्री बांधून ठेवायचे. ती पाण्यात गेली की शिंग वाजायचं, आणि मग मागे राहिलेली एकही सुटायची नाही. संध्याकाळी सीलच्या चरबीचं तेल उकळताना हीच माणसं छाती पुढे काढून म्हणायची, “काही झालं तरी आम्ही रिवाज सोडला नाही.” शहाण्या माणसांचा हा वेडेपणा बघून हसावं की रडावं कळत नाही.

व्हायचं तेच झालं. एका वर्षी पहिली सील आली आणि तिच्या मागे फक्त सात. त्या वर्षी शिंग ह्याच टेहळ्याच्या हातात होतं. तेव्हा तो नुकतीच मिसरूड फुटलेला तरुण होता. सात त्याने मोजल्या होत्या. पण खाली माणसं सोटे घेऊन उभी होती, आणि रिवाजात कुठेच म्हटलेलं नव्हतं की सात असतील तर शिंग फुंकू नये. त्याने फुंकलं.

पुढच्या वर्षी किनारा रिकामा. त्याच्या पुढच्याही. व्यापारी दुसरी बेटं शोधत निघून गेले आणि कढया गंजल्या. टेहळ्या मात्र दर वर्षी खडकावर जात राहिला. लोक थट्टा करायचे, “काय, आली का तुमची पाहुणी?” तो हसून घरी यायचा आणि मुलाला सांगत बसायचा. त्याच्या लहानपणी म्हणे किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नसायची. पिल्लांच्या ओरडण्यात आईची हाक ऐकू यायची नाही. सील एकमेकींच्या अंगावर पसरून उन्हात घोरायच्या, आणि पोरं त्यांच्या घोरण्याची नक्कल करत मार खायची. सांगता सांगता म्हाताऱ्याचा आवाज बारीक व्हायचा. त्याला त्या गोंगाटाची आठवण यायची, अगदी पोटातून यायची.

अशी चाळीस वर्षं गेली. बेटावरच्या होड्या एकेक करून कुजल्या. शेवटची होडी टेहळ्याच्या मुलाची, ठिगळावर ठिगळ लावून कशीबशी चालवलेली. तो समुद्रात गेला की त्याची बायको दिवसभर दारात उभी असायची.

आणि एका सकाळी सील आली. कुठल्यातरी दूरच्या खडकावर चार-दोन जीव वाचले असतील, त्यांच्यातली ती असणार. तिने इकडेतिकडे पाहिलं, पोटावर सरपटत वर आली आणि वाळूत निजली. आठवडाभरात तिच्या मागे आणखी आल्या. एकूण सहा.

सगळं बेट किनाऱ्यावर लोटलं. सील कशी दिसते हे निम्म्या लोकांनी फक्त ऐकलेलं होतं. पण थोड्या वेळाने डोळ्यांतलं कौतुक ओसरलं आणि लोकांची बोटं चालायला लागली. पहिली सोडून पाच. पाच कातड्यांत एक होडी.

बेटाचा म्होरक्या टेहळ्याकडे आला. “आजोबा, आपण रिवाजाची माणसं. पहिलीला कुणी हात लावणार नाही. ती गेली की तेवढं शिंग फुंका. होडी तुमच्याच घरात जाईल, सगळ्यांचं ठरलंय.”

सुनेने घरी हात जोडले. “मामंजी, मी कधी काही मागितलं नाही. त्यांची होडी दोन ठिकाणी गळतेय. एक दिवस ती रिकामी परत येईल, नाहीतर येणारच नाही.”

म्हाताऱ्याने ताट बाजूला सारलं. मुलगा एकुलता एक होता.

पंधरवड्याने पहिली सील पिल्लाला पुढे ढकलत पाण्यात उतरली. खाली माणसं सोटे घेऊन उभी राहिली. मुलगाही त्यांच्यात होता. टेहळ्याने शिंग उचललं, पाचही जणींकडे पाहिलं आणि ते पुन्हा मांडीवर ठेवलं.

“फुंका की,” म्होरक्या म्हणाला. “पहिली गेली.”

“पहिली अजून जायचीय.”

“आत्ता डोळ्यांदेखत गेली.”

“त्या वर्षी सात होत्या,” टेहळ्या म्हणाला. “मी मोजल्या होत्या आणि तरी फुंकलं. चाळीस वर्षं तो साताचा आकडा माझ्या घशात अडकलाय. चाळीस वर्षांनी जे येतं ते सगळं पहिलंच. ह्या सहाही पहिल्याच आहेत.”

“सहा जणी पहिल्या कशा असतील?”

“टेहळ्या मी आहे. पहिली कोणती ते मी सांगायचं असतं.”

मुलगा पुढे आला. त्याचा चेहरा लाल झाला होता. “बाबा, आणि माझी होडी?”

“ओढून वर ठेव. आजपासून काठावरून गळ टाक.”

“काठावरच्या माशांत तिघांचं पोट भरेल?”

“नाही भरणार,” म्हातारा म्हणाला. “अर्ध्या पोटी राहू. पण तू असशील.”

शिंग हिसकावून घ्यायला कितीसा वेळ लागला असता? पण तिथेच तर गंमत आहे. रिवाज मोडायची ह्या माणसांना सवयच नव्हती. शिंग वाजल्याशिवाय सोटा उचलायचा कसा, हे कुणाला सुचेना. ज्या हट्टाने त्यांनी सील संपवल्या, त्याच हट्टापायी त्या दिवशी पाच जणी वाचल्या. लोक शिव्या घालत घरी गेले.

मुलगा तीन वर्षं बापाशी बोलला नाही. एकाच ताटलीत जेवायचा, पण बोलायचा नाही. शेवाळाचं पातळ कालवण आणि काठावरचे काटेरी मासे ह्यांवर घर कसंबसं तगलं. बेटही तसंच तगलं. पुढच्या वर्षी सील आल्या सात. त्याच्या पुढच्या वर्षी सातच. टेहळ्याने शिंग फुंकलं नाही. चौथ्या वर्षी समुद्राने एक म्हातारी सील मेलेली आणून टाकली. मुलाने तिचं कातडं सोललं, घरी आणलं आणि बापाला विचारलं, “हे घेतलं तर चालेल ना?” इतक्या वर्षांनंतरचे त्याचे हे पहिले शब्द. म्हाताऱ्याने मान हलवली, आणि मग बराच वेळ तोंड फिरवून बसला.

अशा वाहून आलेल्या कातड्यांतून एक होडी व्हायला नऊ वर्षं लागली. तोवर टेहळ्याची दृष्टी गेली होती. मुलगा त्याला हाताला धरून खडकावर न्यायचा.

“आज किती?” म्हातारा विचारायचा.

मुलगा मोजून सांगायचा. अकरा. सतरा. तेवीस. शेवटच्या वसंतात म्हाताऱ्याला अंथरुणावरून उठवेना. मुलगा एकटाच खडकावर जाऊन आला. त्या दिवशी एकतीस होत्या.

“किती?” म्हाताऱ्याने विचारलं.

“मोजून होईना, बाबा,” मुलगा म्हणाला. “पाय ठेवायला जागा नाही.”

म्हातारा हसला. दोन दिवसांनी तो गेला. दुसऱ्या दिवशी मुलगा खडकावर जाऊन बसला. त्याला कुणी बसायला सांगितलं नव्हतं.

पुढे किती वर्षं गेली कोण जाणे. मुलगाही म्हातारा होऊन गेला आणि सून पार वाकली. एकदा ती किनाऱ्यावर ऊन खात बसली होती. समोर हजारो सील पसरल्या होत्या, आणि इतका गोंगाट की शेजारचं बोलणं ऐकू येईना. बेटावरची पोरं तिच्याभोवती जमली.

“आजी, तू लग्न होऊन आलीस तेव्हा इथे किती सील होत्या?” एका मुलीने ओरडून विचारलं.

“एकही नव्हती,” म्हातारी म्हणाली.

पोरं खो खो हसायला लागली. “आजी थापा मारते,” म्हणत ती पळाली. म्हातारीला राग आला नाही. आपलं सांगणं पोरांना खोटं वाटतंय, हे बघून तिला भरून आलं. मामंजींनी अर्ध्या पोटी राहून जे मागितलं होतं ते हेच, हे तिला आत्ता कळलं.

तात्पर्य: एकाला सोडून बाकी सगळं ओरबाडणं म्हणजे राखणं नव्हे. आपल्या हाताने संपवलेलं परत यायला आपलाच हात आवरावा लागतो, आणि त्याचं सुख बघायला आपण असूच असं नाही.