भिवराची परदेशी घोंगडी

"शेळी सोडा माझी!" भिवरा ओरडली.

"आधी परदेशी मालाची जकात भर!" जकातदार आबाजीपंत गुरकावले.

तांबटाची ही लेक भर दरबारात उभी राहिली. "महाराज, बापासाठी घोंगडी घेतली ती राजवाड्यासमोरच्या मोतीशेटच्या दुकानातून. पैसे दिले तुमच्याच छापाचे. मग मी परदेशी गेले कधी?"

"मोतीशेटचा गल्ला नदीपलीकडे, दुसऱ्या राज्यात!" आबाजीपंत म्हणाले. "पैसे दोरावरच्या टोपलीतून तिकडे जातात. गल्ल्यात पडले की तिथली घंटा वाजते. घंटा वाजली तिथे सौदा झाला!"

रणधवल राजा हट्टाचा पक्का. "कायदा म्हणजे कायदा! इथे राहूनही तू परदेशी गेलीस हे पटत नाही? मग एकच माणूस माझ्या सिंहासनावर आणि परदेशात, दोन्हीकडे एकदम दाखव. उद्यापर्यंत! नाही जमलं तर शेळी मुदपाकखान्यात!"

शेळीच्या दुधावर तर आजारी बाप तगून होता. पण रडत बसेल ती भिवरा कसली! तडक मोतीशेटकडे गेली.

दुसऱ्या दिवशी भिवरा आली ती ओल्या केसांनी, शिंकत. मागून मोतीशेट, हातात मऊशार शाल. पौषातली थंडी! राजाने शाल बघताच पांघरली आणि मोहोर फेकली. शेटजींच्या गड्याने ती टोपलीत टाकायला नदीकडे धूम ठोकली. थोड्या वेळाने पलीकडून आवाज आला. टण्ण!

"पंत, सौदा कुठे झाला?" भिवराने विचारलं.

"परदेशात!" आबाजीपंत सवयीने बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

"ऐकलंत, महाराज? सिंहासनावर बसल्या बसल्या परदेशी जाऊन आलात! आता उठा. परदेशाहून आलेल्याने वेशीवरच्या तळ्यात बुडी मारल्याशिवाय राजवाड्यात पाऊल टाकायचं नाही, हा तुमच्याच आजोबांचा दंडक. मी घोंगडीवाली पहाटेच बुडी मारून आले. आँक्छी!"

राजाने खिडकीबाहेर पाहिलं. तळ्यावर धुकं दाटलं होतं. त्याने शाल घट्ट लपेटली, आणि असा हसला की मुकुट कलला!

"वस्तू जिथे हाती आली तिथलाच सौदा! आजपासून हाच कायदा. पोरी, शेळी ने, ही शालही ने!"

"आणि तुमची बुडी, महाराज?"

"ती आबाजीपंत मारतील!"

तळ्यावरून पंतांची किंकाळी आली तेव्हा भिवराची शेळी शाल पांघरून घरच्या वाटेला लागली होती.